ती यायच्या आत

मुलगी : थांब. ते परत वाच.

प्राध्यापक : कुठलं, ताई?

मुलगी : खिडकीचं.

प्राध्यापक : 'इथे खिडकी ही केवळ खिडकी उरत नाही. युद्धानंतरच्या युरोपीय कवितेतल्या बंद खिडक्यांशी ती नातं सांगते. ज्या खिडकीतून अनुवादक आयुष्यभर त्या खंडाकडे बघत राहिला, तीच तो अखेरीस आपल्या हाताने मिटून घेतो.'

मुलगी : आपल्या हाताने?

प्राध्यापक : अर्थात अलंकारिक आहे ते.

मुलगी : शेवटी बाबांना पेला धरवत नव्हता रे. चमच्याने पाणी पाजत होते मी.

प्राध्यापक : म्हणूनच तर. शरीर थकलं आणि भाषा मोकळी झाली. पुढे तेच मांडलंय मी. वाचू?

मुलगी : नको. बाकीची प्रस्तावना ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण लोक असंच लिहितात. ही शेवटची कविता मात्र काढ. आणि तिच्यावरची ही तीन पानंही.

प्राध्यापक : काय?

मुलगी : पुस्तकातून काढ.

प्राध्यापक : ताई, पुस्तकाचं नाव आहे ते. 'ती यायच्या आत'. मुखपृष्ठ झालंय. संध्याकाळी छपाई सुरू होतेय, मी नुसती तुमची एकदा नजर फिरावी म्हणून प्रुफं घेऊन आलो.

मुलगी : मग बरं झालं आलास.

प्राध्यापक : काही चुकलंय का? शब्द चुकीचा ऐकला का मी? सरांच्या फोनमधलं ध्वनिमुद्रण फार खराब होतं. कान लावून लावून उतरवलंय.

मुलगी : शब्द सगळे बरोबर आहेत.

प्राध्यापक : मग?

मुलगी : ती बाबांची कविता नाही.

प्राध्यापक : अनुवाद नाही, ते मलाही कळलं. सर ज्या युरोपीय कवीचे अनुवाद करायचे, त्याचे सगळे संग्रह परत चाळले मी. असं मूळ कुठेच सापडत नाही. म्हणजेच ही सरांची स्वतःची! जन्मभर दुसऱ्याचं उतरवणाऱ्या माणसाची स्वतःची एकच कविता. ताई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?

मुलगी : मला अर्थ नको सांगूस.

प्राध्यापक : रागावू नका. पण यात त्या कवीचा प्रभाव कसा मुरलाय बघा. तुटक वाक्यं. क्रियापदं सगळी आज्ञेची. 'पांढरी काढ, दुसरी घाल.' पांढरी काय, ते सांगितलेलंच नाही! बर्फ? कोरा कागद? एका अख्ख्या खंडाचा पांढरा शोक या एका...

मुलगी : तुला बर्फाची गोष्ट माहीत आहे?

प्राध्यापक : कुठली?

मुलगी : त्या कवीची बर्फाची कविता बाबा करत होते तेव्हाची. महिनाभर अडले होते. एक दिवस फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला बर्फ उलथन्याने खरवडला, खिडकीच्या कट्ट्यावर पसरला आणि समोर खुर्ची टाकून बसले. आई आली तर सगळं पाणी तिच्या वाळत घातलेल्या डाळीत. काय बोलली ती त्यांना! तर म्हणाले, 'अगं, त्या माणसाच्या कवितेत बर्फ आहे कारण त्याच्या दारात बर्फ आहे. तो रोज सकाळी फावडं घेऊन वाट करतो, टपालवाला यावा म्हणून. इतकंच आहे ते. आणि आम्ही गाढवांनी वर्गात तीस वर्षं त्याला मृत्यू म्हणून शिकवलं.'

प्राध्यापक : हे सर म्हणाले?

मुलगी : तुलाही तेच शिकवलं असेल.

प्राध्यापक : मला मृत्यूच शिकवला.

मुलगी : तरुणपणी बाबा आणि त्यांचे मित्र काळे स्वेटर घालून हिंडायचे, हे माहीत आहे ना? भर उकाड्यात. तिकडच्या युद्धाचं दुःख इकडे अंगावर चढवायचं. स्वतःच हसायचे त्यावर. म्हणायचे, घामोळं आलं, पण उदासी काही सोडली नाही.

प्राध्यापक : हे छान आहे. हे प्रस्तावनेत घ्यायला हवं होतं.

मुलगी : शी.

प्राध्यापक : ताई...

मुलगी : काही दिसलं की घ्यायला हवं. तुम्हा लोकांसमोर माणूस मरायचीसुद्धा सोय नाही. पुस्तकाच्या त्या पोस्टरवर काय केलंय ते? अर्धा चेहरा अंधारात. बाबांचा तो फोटो माझ्या लग्नातला आहे. ते जिलबी खात होते त्यात.

प्राध्यापक : ते पोस्टर माझं नाही. प्रकाशकांनी केलं.

मुलगी : कविता काढ.

प्राध्यापक : कारण सांगा. मी प्रकाशकांना काय सांगू? गेल्या आठवड्यात सभेत वाचली मी. माणसं रडली. एक बाई उठून बाहेर गेल्या. पंचवीस वर्षं मी कविता वाचतोय लोकांपुढे, असं कधी झालं नाही.

मुलगी : कारण नाही सांगणार.

प्राध्यापक : मग मला नाही काढता येणार. माफ करा. तुम्ही त्यांची मुलगी आहात, पण ते ध्वनिमुद्रण सरांनी मला दिलं होतं. फोनमधलं सगळं तळटीपला द्या, असं तुम्हालाच सांगून गेले ना?

मुलगी : हो. 'तळटीपला द्या, तो बरोबर उतरवेल.'

प्राध्यापक : त्यांनी मला ठेवलेलं नाव. आधी राग यायचा मला. आता हाक मारायला कोणी नाही.

मुलगी : फोन त्या औषधाच्या पेल्याला टेकवून ठेवायचे. हात थरथरायला लागले तेव्हापासून सगळं बोलूनच. दिवसभर चालूच असायचा, बंद करायचं भान नाही. एक सांग. बाकीच्या कविता उतरवताना ओळी कशा कळल्या तुला?

प्राध्यापक : सर सांगायचे की. ओळ संपली की म्हणायचे, 'ओळ'. पहिल्यापासूनची सवय त्यांची, आम्हाला वर्गातही तसंच लिहून द्यायचे.

मुलगी : इतकी सवय की एकदा डॉक्टरांना म्हणाले, पोटात कळ येतेय, ओळ.

प्राध्यापक : खरंच?

मुलगी : डॉक्टर मला बाजूला घेऊन विचारायला लागले, मेंदूपर्यंत गेलं का म्हणून. बरं. मग या शेवटच्या कवितेत किती वेळा म्हणालेत 'ओळ'?

प्राध्यापक : एकदाही नाही.

मुलगी : आणि तुला काही वाटलं नाही?

प्राध्यापक : वाटलं ना. वाटलं, अखेरीस त्यांनी तेही सोडलं. त्यावर एक परिच्छेद आहे माझा.

मुलगी : मग या ओळी कोणी तोडल्या?

प्राध्यापक : मी.

मुलगी : कशावरून?

प्राध्यापक : त्यांच्या श्वासावरून. जिथे श्वास घेतला तिथे मी ओळ संपवली.

मुलगी : अरे, त्यांना श्वास पुरत नव्हता. वाच. एकदा मोठ्याने वाच. सभेत वाचलीस तशी नको. साधी.

प्राध्यापक : 'खिडकी लाव / आधी खिडकी / नको, दिवा नको / पांढरी काढ, दुसरी घाल / ती यायच्या आत / माझ्याकडे बघू नकोस / कुणाला सांगू नकोस.'

मुलगी : आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंयस?

प्राध्यापक : 'ध्वनिमुद्रणात पार्श्वभूमीला पावसाचा आवाज.'

मुलगी : पाऊस नव्हता.

प्राध्यापक : स्पष्ट ऐकू येतोय, ताई. थांबून थांबून.

मुलगी : बादली होती. मी फडकं पिळत होते.

प्राध्यापक : कसलं फडकं?

मुलगी : अजून विचारतोस? प्राध्यापक झालास ना रे तू?

प्राध्यापक : मला खरंच...

मुलगी : पांढरी काय ते सांगितलेलं नाही, नाही का? चादर. पांढरी चादर. सगळी भरली होती. पाठीपर्यंत. खिडकी लाव, कारण समोरच्या गॅलरीत माणसं बसतात आणि वास जाईल. दिवा नको, कारण मला दिसेल. आता मोजून अर्थ लाव.

प्राध्यापक : ताई, पुरे.

मुलगी : का? आता का पुरे? तीन पानं लिहिताना पुरे नाही वाटलं. सभेत वाचताना नाही वाटलं. कोण ती बाई, जी उठून बाहेर गेली? तिला सांग काय ऐकून आलीस ते. हात धुवायला जाईल घरी.

प्राध्यापक : तुमचा आवाज नाही त्यात. तुम्ही खोलीत होतात हे मला कसं कळणार?

मुलगी : मी बोलत नव्हते. तोंड उघडलं असतं तर ओकले असते. त्यांना ते दिसलं. म्हणून म्हणाले, माझ्याकडे बघू नकोस. जो माणूस मला कडेवर घेऊन परक्या भाषांतले शब्द शिकवायचा तो. तू त्यावर काय लिहिलंयस? 'आधुनिक माणसाचा वाचकाच्या नजरेला नकार.'

प्राध्यापक : आणि 'ती'?

मुलगी : मृत्यू नाही. कविता नाही. युरोपसुद्धा नाही. आई. बँकेत गेली होती. ती यायच्या आत सगळं आवरायचं होतं. जन्मात तिच्यापुढे बनियनवर बसले नाहीत ते. मी शप्पथ घेतल्यासारखी मान हलवली त्यांना, नाही सांगणार म्हणून. आणि आज तुला सांगितलं. काढ आता.

प्राध्यापक : पाणी मिळेल?

मुलगी : घे. तो पेला नको. हा घे.

प्राध्यापक : एक बोलू? वाईट वाटून घेऊ नका. तिकडे अशाच गोष्टींतून कविता झाल्यात. वर्तमानपत्रातलं कात्रण, औषधाची चिठ्ठी, मरणाऱ्याचं बरळणं. सरांनीच शिकवलं आम्हाला. कविता कुठून आली याने तिचं मोल कमी होत नाही. उलट आता तर मला ती जास्त... आपण असं करू. कविता राहू दे. मी खाली एक तळटीप देतो. अगदी संयमाने. हे कुठल्या प्रसंगी...

मुलगी : तळटीप?

प्राध्यापक : दोन ओळींची.

मुलगी : बाबांच्या मलमूत्राला तळटीप. अरे, किळस येते मला तुझी. त्या दिवशी त्या खोलीत नाही आली इतकी येते. जा तू. प्रुफं ठेव नाहीतर घेऊन जा. तुझ्या प्रकाशकाला मीच फोन करते.

प्राध्यापक : शेवटचे दोन महिने सरांनी मला येऊ दिलं नाही. चारदा आलो. चारही वेळा तुम्ही दारातून परत पाठवलंत, सर झोपलेत म्हणून.

मुलगी : झोपलेले नसायचे.

प्राध्यापक : माहीत होतं. आतून खोकला ऐकू यायचा. जिना उतरताना वाटायचं, माझं काय चुकलं? मग हे हाती आलं. त्यात सर कुणालातरी म्हणत होते, कुणाला सांगू नकोस. मला वाटलं, मला म्हणतायत. जे मला दारात सांगितलं नाही ते इथे सांगितलं. रात्र रात्र ऐकलंय मी ते, ताई. बर्फ, खंड, सगळं नंतर सुचलं.

मुलगी : मग ते लिहायचंस. ते खरं होतं.

प्राध्यापक : ते लिहायला शिकवलंच नाही कोणी.

(उघड्या दारातून आई आत येते. हातात पिशवी, चपला अजून पायातच.)

आई : दार सताड उघडं. आणि आवाज खालपर्यंत. कोण, तळटीप? केव्हा आलास?

प्राध्यापक : नमस्कार, काकू. आत्ताच. थोड्या वेळापूर्वी.

आई : वाळलास. हिने चहा केला का तुला? नसेलच केला. भांडत होतात का?

मुलगी : नाही गं. पुस्तकाचं चाललं होतं. तू बस, दमलीस.

आई : पुस्तकाचंच म्हणते मी. परवा शाळेतल्या बाईंचा फोन आला होता मला. म्हणाल्या, तुमच्या यजमानांची शेवटची कविता ऐकली सभेत, रडू आवरेना. मी म्हटलं, मी नाही ऐकली बाई. मला कोणी सांगतच नाही. मग आता आलायस तर वाच.

मुलगी : आई, नंतर. त्याला घाई आहे. छापखान्यात जायचंय.

आई : सात ओळींची आहे म्हणाल्या त्या. सात ओळींना काय वेळ लागतो? वाच रे.

प्राध्यापक : काकू, ती... ती काढली आपण.

आई : काढली?

प्राध्यापक : सरांची नव्हती ती. माझीच चूक झाली उतरवताना. दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. ताईंनी दाखवून दिलं. पुस्तकाचं नावही बदलतोय आता.

आई : आणि लोकांना काय सांगणार? सभेत वाचलीस ती.

प्राध्यापक : चूक झाली म्हणून सांगेन. हसतील थोडे. हसू देत.

मुलगी : बस. चहा ठेवते तुला.

आई : राहू दे, मी ठेवते. तू त्याला प्रुफं आवरून दे. ... बरं केलंस रे, काढलीस ते.

प्राध्यापक : तुम्ही तर ऐकलीही नाहीत, काकू.

आई : त्या बाईंनी फोनवर म्हणून दाखवली मला. पाठ झाली होती त्यांची.

मुलगी : आई...

आई : रडू नकोस. बँकेत काही गर्दी नव्हती त्या दिवशी. मी लवकरच आले होते. दाराशी वास आला, बादलीचा आवाज आला, तशी परत खाली गेले. जिन्यात बसून राहिले. आवाज थांबला, तुम्ही खिडकी उघडलीत, मग चपला वाजवत वर आले.