वळणापर्यंत

बीडच्या स्टँडवर तलवाड्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मुक्ताबाईंचे कान शेजारच्या मायलेकींच्या बोलण्याकडं लागले होते. पोलीस भरतीची तयारी करणारी लेक मोबाइलवर घड्याळं दाखवत होती.

“आई, किती पळाले ते हे उपग्रहावरून मोजतंय.”

“पळायला घड्याळ कावून लागतंय? आमी बी पळायचोच की.”

“तू कुठं पळायचीस?”

“आईच्या गाडीमागं. ऊसतोडीला जाताना मला चुलतीपाशी ठेवून जायची.”

“कुठवर?”

“वळणावर तिचा पदर दिसंना झाला की थांबायचे.”

“म्हंजी किती किलोमीटर?”

“कुणी मोजलंय?”

“बरं, हे राहू दे. साधंच घड्याळ बघते.”

“न्हाई, हेच घे. आन् आलं की एक दिस माझ्या हातात बांध. त्या वळणापर्यंत जाऊन येते.”