फुगडीला सुटलेले हात

नाही गं, फरशी ओली नव्हतीच — कोण म्हणालं? कौशल्याताई स्वतः, तुझी आईच? बरं. बस उत्कर्षा, चप्पल राहू दे. हे बघ, सोसायटीच्या या हॉलमध्ये सहा वर्षं नाच घेतेय मी, दुसरीतल्या पोरींपासून तुझ्या आईपर्यंत सगळ्यांचा, कुणाला साधं खरचटलं नाही. म्हाताऱ्यांच्या मागे खुर्ची, गिरकी बंद, उडी बंद, चक्कर येते का, गुडघा दुखतो का, रोज आधी विचारते — लोक हसतात, नाचायला आलोय की तपासायला — हसू देत.

मग फुगडी कशी घातली, असंच ना? अगं, भोंडला होता! खिरापत वाटून झाली, पोरींच्या फुगड्या चालल्या होत्या, आणि तुझी आई दोन्ही हात पुढे करून समोर उभी. सत्त्याहत्तरीची बाई! नीरजा, एकच घालू, म्हणाली, माझ्या मंगळागौरीनंतर घातलीच नाही. काय म्हणणार होते मी? हळूच घातली. तीच वेग वाढवत गेली — तिच्यावर ढकलत नाहीये. हसत होती गं, खूप हसत होती.

पाय घसरला म्हणते? तिचा नाही घसरला. मला चक्कर आली. मला. श्रावणापासून येते, गोळ्या चालू आहेत. सगळ्यांना मी विचारते, मला कोण विचारणार? सांगितलं असतं तर क्लास बंद — आणि मग दिवसभर घरात मी काय करायचं, भिंतींना नाचवायचं? — हे तुला सांगायचं नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि माझे हात सुटले. ती मागे फरशीवर गेली. मी खुर्चीत पडले. तिच्यासाठी मांडलेल्या.

काल दवाखान्यात गेले, तर मला म्हणते, क्लास चुकवू नकोस, पोरी वाट बघतील. खुब्याचं हाड मोडलेली बाई! कमिटीलाही तिने फरशी ओली होती असंच सांगितलंय, आता दारावर पाटी आहे — ‘ओल्या फरशीवर नाचू नये. पुन्हा समज देण्यात येणार नाही.’ रोज त्या पाटीखालून आत येते मी. लाज वाटते, आणि येते.

ओरड ना माझ्यावर. अशी नुसती बघू नकोस. ओरड की! — नाही? मग जा. पाच वाजले, आल्या बघ सगळ्या दारात. तूच सांग त्यांना, हात कुणाचे सुटले ते. मला नाही गं जमत.