साडेपाच नंबरचा समुद्र

(वारजे. पाण्याखाली जाण्याच्या सामानाचं दुकान. दुपारचे चार.)

श्यामसुंदर : सिलिंडर कशाला हवंय तुम्हाला? विश्रांतवाडीत कुठं बुडणार आहात?

दीपमाला : पण यादीत आहे. कालच कोर्स पास झाल्याचं कार्ड आलं. म्हटलं, आता सगळं सामान आपलं स्वतःचं घ्यावं.

रतन : बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक केरळला जातात. आमच्या ह्या समुद्राच्या तळाशी जाऊन आल्या.

श्यामसुंदर : छान केलंत. यादी पर्समध्ये ठेवा. सिलिंडर भाड्यानं मिळतं, अंगावरचा रबरी वेटसूट भाड्यानं मिळतो. चेहरा ज्याचा त्याचा असतो, म्हणून पहिली खरेदी मास्क. बाकीचं दहा वेळा पाण्यात जाऊन या, मग विकीन.

रतन : असं दुकान चालतं?

श्यामसुंदर : बावीस वर्षं चाललंय. हा घ्या, ताई. पट्टा लावायचा नाही. नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं श्वास आत ओढा आणि हात सोडा. पडला नाही, तर तुमचा. आधी चष्मा काढा.

दीपमाला : काढला... बसला की! अहो, बघा, हात सोडलाय. कशी दिसते मी? बोला ना काहीतरी.

रतन : मी इकडे आहे. तू त्या टांगलेल्या वेटसूटशी बोलतेयस.

श्यामसुंदर : नंबर किती, ताई?

दीपमाला : साडेपाच.

श्यामसुंदर : कोर्सला नंबरचा मास्क होता ना?

दीपमाला : साधाच होता.

श्यामसुंदर : शिकवणाऱ्यांना सांगितलं नाहीत?

दीपमाला : नाही. वाचायला मला चष्मा लागत नाही, पुस्तक जवळ धरलं की झालं. तिथं पोचायच्या आधीच चष्मा पर्समध्ये टाकला. चार दिवस कुणाला कळलं नाही.

रतन : मग पाण्यात तू पाहिलंस काय? आल्यापासून झोपेतसुद्धा हसतेस!

दीपमाला : निळं पाहिलं. नुसतं निळं नाही हो, आत आत जाणारं. वरून उजेड गाळून आल्यासारखा यायचा. मग पिवळं काहीतरी जवळ यायचं, थांबायचं आणि विरघळून जायचं. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसावं तसं. मला ते मासे वाटलेच नाहीत. पाण्यालाच रंग फुटतायत असं वाटलं. आणि सगळं गप्प. फक्त माझा श्वास. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

श्यामसुंदर : हा दुसरा घालून बघा. साडेपाचच्या काचा बसवल्यात. आता त्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहा.

दीपमाला : अगबाई.

रतन : काय झालं?

दीपमाला : पिवळ्याला पट्टे आहेत. काळे. आणि डोळे आहेत... म्हणजे तेव्हा ते माझ्याकडे बघत होते?

श्यामसुंदर : बघत असणारच. तुम्हीच बघत नव्हतात.

दीपमाला : नको. मला तो पहिलाच द्या. बिननंबरचा.

रतन : वेडी आहेस का?

दीपमाला : डिसेंबरात अंदमानला जायचंय ते त्याच समुद्रासाठी. असं सगळं रेघारेघांनी दिसलं, तर माझा तो समुद्र जाईल हो.

श्यामसुंदर : खाली सरांचे हातवारे कसे कळले?

दीपमाला : अंदाजानं. त्यांनी काहीही दाखवलं, की मी 'ठीक' दाखवायचे. एकदा ते 'वर चला' म्हणत होते म्हणे. मी 'ठीक' दाखवलं आणि तिथंच राहिले. मग दंडाला धरून नेलं. मला वाटलं, काहीतरी गंमत दाखवायला नेतायत.

श्यामसुंदर : पाण्यात जोडीला कोण होतं?

दीपमाला : मैत्री. वाघोलीची मुलगी, आयटीतली. डिसेंबरात पण तीच आहे. मला आई म्हणते.

श्यामसुंदर : आता हा फोटो सोडा, माझा हात बघा. गळ्यावरून असा आडवा. म्हणजे काय?

दीपमाला : हवा संपली.

श्यामसुंदर : मैत्रीनं चार हातांवरून असं केलं असतं तर?

रतन : सांग ना, दीपा.

दीपमाला : मी 'ठीक' दाखवलं असतं.

श्यामसुंदर : पाणी देऊ का, ताई?

दीपमाला : नको. मला तर ती हसतेय असंच वाटलं असतं.

रतन : पण लपवलंस कशाला? चष्मा म्हणजे काय चोरी आहे?

दीपमाला : सवय हो. आई म्हणायची, पाहुणे बघायला आले की चष्मा गादीखाली ठेव. तुम्ही आलात तेव्हाही तिथंच होता.

रतन : म्हणजे तू मला पाहिलंच नव्हतंस?

दीपमाला : पांढरा सदरा पाहिला. आणि आवाज ऐकला. मी चहा आणला तेव्हा 'दमलात का?' म्हणालात. तोवर पाचजण येऊन गेले होते, असं कुणी विचारलं नव्हतं.

रतन : आणि लग्नानंतर आठव्या दिवशी चष्मा घालून समोर आलीस. मी काही म्हणालो?

दीपमाला : काही नाही. काचेवर पीठ उडालं होतं, ते तुम्ही पुसून दिलंत. मी मोरीत जाऊन रडले होते.

रतन : हे तीस वर्षांनी सांगतेस. वारज्यात.

श्यामसुंदर : ताई, चष्मा आहे म्हणून कोणी नापास करत नाही. नंबरचा मास्क लावला की झालं. लपवलंत म्हणून मात्र सर रागावतील. समुद्रातले धडे पुन्हा करायला लावतील कदाचित. मी असतो तर लावलेच असते.

दीपमाला : आणि अंदमान?

श्यामसुंदर : ते सर ठरवतील. आणि तो तुमचा पुसट समुद्र आता मिळायचा नाही, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू?

दीपमाला : चांगला होता हो तो. फार चांगला होता.

रतन : मला सांगितलास ना, आता माझ्याकडे राहील. धडे पुन्हा करायचे तर करू. मला पोहता येत नाही, पण मी किनाऱ्यावर छत्री घेऊन बसेन.

दीपमाला : फोन काढा तुमचा. सरांचा नंबर तुम्हीच लावा.

रतन : लावला. वाजतोय.

दीपमाला : हॅलो, सर? दीपमाला बोलतेय, पुण्याहून. हो, कार्ड मिळालं. सर, मला चष्मा आहे.