फोटोतलं कोपर

बुधवार पेठेतल्या फ्रेमच्या दुकानात शेफालीचा नंबर कधीचा यायचा होता, पण पुढची दोघं भावंडं हलायला तयार नव्हती.

“या फोटोखाली लिहा, मोटारींची शर्यत जिंकणारे आमचे दादाजान.”

“थांबा हो. नियाजभाई, दादाजानच्या पुढ्यात स्टिअरिंग कुठंय?”

“सुरय्या, शंभर वर्षांपूर्वीची गाडी आहे ती.”

“म्हणून काय लगाम होते?”

“हातात काहीतरी धरलंय ना त्यांनी!”

“साहेब, तो तेलाचा पंप आहे,” दुकानदार म्हणाला. “जुन्या मोटारवाल्यांचे फोटो येतात माझ्याकडे. शर्यतीत मेकॅनिक शेजारी बसून पंपाने इंजिनला तेल द्यायचा.”

“मग चालवत कोण होतं?”

“ते मला काय विचारता? फोटो या बाजूने कात्रीने कापलाय. हे बघा, कुणाचं तरी कोपर राहिलंय.”

“अब्बांनी कापलं ते. म्हणाले, आपल्या फोटोत हा परका माणूस कशाला?”

“म्हणजे जिंकलं कोण, नियाजभाई?”

“मला काय माहीत! दादाजान गाडीत होते, एवढं नक्की.”

“मग खाली काय लिहू? लोक थांबलेत.”

सुरय्याने फोटो डोळ्यांजवळ नेला.

“आधी सांगितलं तेच लिहा. आणि फ्रेमची पट्टी जरा रुंद लावा, कोपर झाकलं पाहिजे.”