प्राप्ती, हजर

सखुबाई : पेटीला कुलूप नको लावू, नेत्रा. आधी ते पान काढ.

नेत्रा : काकी, सकाळी टेम्पो येणार. पटावर तीन मुलं उरली, शाळा बंद झाली. सगळी रजिस्टरं आता शिक्षिका म्हणून मलाच मोठ्या शाळेत जमा करायची आहेत. पान फाडून नाही देता येत.

सखुबाई : फाड कोण म्हणतंय? वाचून दाखव. माझ्या प्राप्तीची शेवटची हजेरी हाय ती. बावीस वर्सं झाली.

नेत्रा : बसा. हे बघा, तिसरीचा वर्ग. मोरू, हजर.

सखुबाई : मोरू हजर? नवलच. एरवी त्याला हातपाय धरून आणायला लागायचं.

नेत्रा : कोणी आलं नाही, की गुरुजी वर्गातल्या दोघा पोरांना त्याच्या घरी धाडायचेच.

सखुबाई : पुढं वाच.

नेत्रा : नेत्रा, हजर. प्राप्ती... हजर.

(नेत्रा रजिस्टर मिटते.)

नेत्रा : काकी, ती नव्हती. त्या दिवशी शाळेत आलीच नाही. तिच्या नावाला ओ मी दिली. गुरुजी मान खाली घालून लिहीत होते, त्यांनी वर बघितलंच नाही.

(सखुबाई मिटलेलं रजिस्टर आपल्याकडे ओढते.)

नेत्रा : मी गप्प बसले असते, तर अकराच्या आत दोघं तुमच्या दारात आली असती. भरतीच्या आधी. संध्याकाळी अख्खा गाव सुरूच्या बनात शोधत होता, शाळेतून येताना हरवली म्हणून. मी घरात पांघरूण घेऊन पडलेली.

सखुबाई : तिनं काय सांगितलेलं तुला?

नेत्रा : खाडीवर तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला जाते, माझ्या नावाला ओ दे. एवढंच. मला वाटलं, तुमच्या चोरून चाललीय.

सखुबाई : चोरून न्हाय. मीच धाडलेली.

नेत्रा : तुम्ही?

सखुबाई : तिचा बा मुंबईहून यायचा व्हता. त्याला तिसऱ्यांचं कालवण लागायचं. तीच म्हणाली, आये, गुरुजी पोरांना घरी धाडतील. मी म्हटलं, नेत्राला सांग, ती देईल ओ.

नेत्रा : म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?

सखुबाई : सांजचं मी एकटीच पळाले खाडीवर. पाणी काठोकाठ. परत आले तर तिचा बा दारात उभा. गुरुजी त्याला सांगत व्हते, पोर दिवसभर शाळेत व्हती. मी पण व्हय म्हणून मान हलवली.

नेत्रा : आणि मी इतकी वर्षं तुमच्या दारावरून खाली बघून जाते.

सखुबाई : मी बघते की रोज.

नेत्रा : मग एकदा तरी हाक मारायची होती, काकी.

सखुबाई : तिचा बा जिता व्हता गं. यंदाच्या शिमग्याला गेला तो.

नेत्रा : पण हजर तर मीच म्हटलं ना?

सखुबाई : तू आठ वर्सांची व्हतीस, बाय. मी तिशीची.