डबा एकटा ठेवायचा नाही

…नाही हो दादा, तुमच्यावर अविश्वास नाही. डबा घरात एकटा ठेवायचा नाही, एवढंच. आमच्या घरातला पहिला नियम आहे तो, आणि 'का' असं विचारायचं नाही, हा दुसरा. म्हणून तर तुम्ही डबा बदलायला आलात आणि 'खोलीत गर्दी नको' म्हणालात तरी आत्या दारातून हलेना — परका माणूस डब्याजवळ आणि घरचं कोणी नाही, म्हणजे काय! मी थांबते म्हटलं तेव्हा कुठे हॉलमध्ये गेली. दार लावू नका, उपयोग नाही. तिचे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. बसा ना, पलंगावर बसा — माझाच आहे. म्हणजे होता. बाबांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळायला ते यंत्र बसवलं, त्याच्याबरोबर तुमच्या हॉस्पिटलनं हा डबा दिला — बाबा झोपले की हा त्या यंत्राशी बोलणार, आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून सगळं डॉक्टरांना कळवणार. छान! पण अख्ख्या घरात रेंज कुठे? तर माझ्या खिडकीत. मग डबा माझ्या खोलीत, डब्यामागोमाग बाबा माझ्या पलंगावर, आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर. सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. टेलिकॉमची पदवी आहे माझ्याकडे, फ्रेम करून टांगलीये, बघा, बरोब्बर डब्याच्या वर — पण रेंजपुढे तिचं काही चाललं नाही.

नियम कुठून आला? तुम्ही विचारा, तुम्हाला माफ आहे. तुमच्या आधी ते मिशीवाले आले होते डबा लावायला. निघताना, दारात बूट घालता घालता म्हणाले, 'जरा लक्ष असू द्या.' बस्स. एवढंच. पण आत्याच्या हाती वाक्य लागलं की त्याला पाय फुटतात — लक्ष म्हणजे कोणीतरी जवळ हवं, जवळ म्हणजे घरात हवं, आणि घरात म्हणजे… बाबांनी संध्याकाळी फिरायला जायचं, डॉक्टरांनीच सांगितलंय; आत्याची मैत्रिणींची बैठक, ती कोणी सांगितलीये माहीत नाही; उरलं कोण? मी. आई गेल्यापासून घर आत्याच चालवते, आणि बाबा तिचे धाकटे भाऊ, त्यामुळे ते तिच्यापुढे ब्र काढत नाहीत. एकदा मी हिंमत करून विचारलं, का? तर बाबा म्हणाले — लांब पल्ल्याची बस चालवली त्यांनी आयुष्यभर — म्हणाले, 'इंजिन कितीही चांगलं असू दे, गाडीत माणूस लागतो.' आता याला काय उत्तर देणार? उत्तर आहे, नाही असं नाही. पण मला उत्तरं आंघोळ करताना सुचतात.

मग घरात बसून करता येईल अशी नोकरी धरली. कसली? हसू नका हं. मोबाइल कंपनीची. हेडफोन लावून सोफ्यावर बसायचं आणि लोकांना सांगायचं — 'नमस्कार, आपलं जुनं नेटवर्क बंद होत आहे, आपल्याकडचं जे यंत्र त्यावर चालतं ते कृपया बदलून घ्या.' लिफ्टवाले, पंपवाले, गोदामात तापमानाचं यंत्र लावलेले, सगळ्यांना सांगितलं. एक आजोबा ऐकेचनात. 'बाई, माझं चालू आहे, दिवा लागतोय!' मी म्हटलं, 'आजोबा, दिवा लागतोय म्हणजे वीज आहे. निरोप पोचतोय असं नाही.' काय वाक्य! दिवसभर स्वतःवरच खूश होते मी. आणि हे वाक्य कुठे बसून म्हटलं? या डब्यापासून चार पावलांवर! गावाला नेटवर्क शिकवणाऱ्या बाईच्या घरातला डबा त्याच जुन्या नेटवर्कवर, आणि हे तिच्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो बघायचा असेल तर लोकांनी तिकीट काढून आमच्याकडे यावं.

नेटवर्क बंद झालं, डबा मुका झाला, दिवा हिरव्याचा नारिंगी झाला. पण दिसणार कुणाला? आत्यानं त्याला लोकरीचं झबलं विणलंय — हो, तेच, तुम्ही मघाशी चिमटीत धरून बाजूला ठेवलंत ते, धूळ बसू नये म्हणून. रोज सकाळी ती ते उचलते, बघते आणि ओरडते, 'हिरवा!' मोतीबिंदू आहे हो, दोन्ही डोळ्यांत. ती 'हिरवा' म्हणते, बाबा 'ठीक' म्हणतात, मी सोफ्यावर कूस बदलते. असा आमचा पहारा! आणि मग तुमच्या हॉस्पिटलचा फोन — 'बरेच दिवस तुमच्याकडून काहीच आलं नाही, पेशंट बरे आहेत ना?' मी फोन कानाला लावून बाबांकडे बघितलं. ते नखं कापत होते. वर्तमानपत्र पसरून, जीभ जराशी बाहेर काढून — नखं कापत बसलेला माणूस किती… जाऊ दे. तुम्ही स्क्रू फिरवा.

हा नवा, एवढाच? साबणाच्या डबीएवढा? आणि खिडकी नको? कुठेही चालेल? म्हणजे बाबांच्या खोलीतसुद्धा — म्हणजे माझी खोली मला परत! आणि कधी, तर आता, जेव्हा मी… काही नाही. नाही, काही नाही म्हटलं ना. — बरं, सांगते. कंपनीनं दुसऱ्या शहरात बोलावलंय. टॉवर-टॉवर फिरायचं, नवं नेटवर्क कुठे पोचतंय, कुठे नाही ते मोजायचं. ज्यासाठी शिकले, ते. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय. घरच्यांना माहीत आहे. ते नको म्हणत नाहीत, ते 'नको' कधीच म्हणत नाहीत, नुसते डब्याकडे बघतात. आणि खरं सांगू? काल आमच्या साहेबांचा फोन आला, तर मी काय म्हणाले? 'सर, घरी जरा डब्याचं आहे.' डब्याचं आहे! आत्याचं वाक्य, माझ्या तोंडून, तेही इतक्या गोड आवाजात! म्हाताऱ्यांवर दिवसभर दातओठ खाणारी मी — परक्या गावात एकटीनं खोली शोधायची, टॉवरखाली दहा पुरुषांच्या घोळक्यात मशीन घेऊन उभं राहायचं, या विचारानंच मागे सरले, आणि लपायला जागा कुठे सापडली? झबल्याखाली. हे तुमच्या-माझ्यात हं. — दादा, एक सांगा, बाबांनी कूस बदलली तरी हा ऐकतो ना? भिंतीकडे तोंड करून झोपले तरी? नक्की? हे मी मघाशीही विचारलं का? दोनदा? बरं.

लागला? आणि हे तुमच्या फोनवर आलंय ते — हॉस्पिटलमधून? म्हणजे नुसता दिवा नाही. खरंच पोचलं. थांबा, मला एकदा वाचू दे.

आत्या! बाबा! या आत, झालं. नाही आत्या, झबलं बसणार नाही याला, हा फार लहान आहे. नाही, दुसरं विणायचं नाही. — काय? दादांना काय विचारतेस? 'याच्याजवळही कोणीतरी घरात लागेलच ना?' दादा, थांबा. एक अक्षर बोलू नका. तुम्ही चांगल्या मनानं, बूट घालता घालता 'लक्ष असू द्या' म्हणाल, आणि माझी पुढची दहा वर्षं सोफ्यावर जातील. याचं उत्तर मी देते.

नाही. लागणार नाही. अगं आत्या, डबा मुका झाला तेव्हा घरात कोण नव्हतं? तू होतीस, बाबा होते, मी तर सोफ्याला शिवल्यासारखी होते. तिघं राखणीला, आणि डॉक्टरांना निरोप नाही. कळलं कुणाला? लांब बसलेल्या माणसाला. रागावू नकोस, मी तुझ्या डोळ्यांना बोलत नाहीये; माझे डोळे चांगले आहेत, मी तरी कुठे झबलं उचललं? आणि बाबा, गाडीत माणूस लागतो, मान्य. पण मी लहान होते, आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि तुम्ही दिवसचे दिवस बस घेऊन बाहेर असायचात. निघताना काय म्हणायचात तिला? 'थांबतो' म्हणायचात? नाही, तक्रार नाही, बाबा. तुमचं काम होतं ते, आणि तुम्ही जायचात तेव्हा घर मोडून पडलं नाही. 'पोचलो की फोन करीन' एवढं एकच वाक्य म्हणायचात, आणि आम्हाला ते पुरायचं. तेच मी म्हणतेय. मी डब्याजवळ बसणार नाही. संध्याकाळी मी त्यांना हो म्हणणार आहे. जाईन, आणि पोचले की फोन करीन.

…आत्या, झबल्याची घडी घालतेस? बाबा, डब्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा.

बरं. — दादा, तुम्ही निघालात तरी चालेल. बूट दाराबाहेर आहेत. आणि बूट घालताना, कृपा करा, काही बोलू नका.