आधी तोंड पाहू द्या

आष्टीकडच्या गुरांच्या छावणीत सोसायटीच्या चाऱ्यासाठी मी रांगेत उभा होतो. शेजारी एक मेलेला बैल पोत्याखाली झाकून ठेवला होता. त्याची मालकीण आणि गुरांचे डॉक्टर बोलत होते.

“नाव सांगा, मावशी.”

“केसरबाई लिवा. पहाटं गेला म्हनं. मी आत्ताच गावाकून आले. पर त्याला चिरता कावून?”

“रोग असला तर बाकीच्या जनावरांना लागेल. याला नेक्रोप्सी म्हणतात.”

“हे कुठलं नाव?”

“ग्रीक भाषेतलं. त्यांच्यात नेक्रोस म्हणजे मढं आणि ऑप्सिस म्हणजे पाहणं.”

“म्हंजी मढं पाह्यचं. येवढंच?”

“एवढंच.”

“मंग आमच्यात बी हाय की. तोंड पाह्यल्याबिगर उचलत न्हाईत.”

“ते वेगळं, मावशी. आम्ही आतलं पाहतो.”

“माझा बाप गेला, तवा मी कर्नाटकात ऊस तोडीत होते. लई वाट पाह्यली म्हनं समद्यांनी. ऊन कडक, किती वेळ ठिवतेत? मी आले तवा राख बी सावडून झालती.”

“आणि हा बैल कधीचा?”

“ह्यो बैल त्यानंच दिलता, सायेब. गोऱ्हा होता तवा. दोराला धरून चालत आनलाता माझ्या दारापत्तूर.”

“मावशी, ऊन चढतंय. पोतं काढू का?”

“काढा. डोक्याकून काढा. आदी मी पाहते, मंग तुमी पहा.”